प्रोप्रॅनोलॉल देऊनही बाळाच्या गालावरचा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची लाल गाठ) वाढतोच आहे, आता काय करावं?

ताई, बाळ ४ महिन्यांचं, दीड महिना औषध चालू आणि गाठ वाढतेच आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या लेकीचं अगदी हेच झालं होतं.

आधी डोस तपासून घ्या. हे औषध वजनावर ठरतं, दर किलोमागे दिवसाला साधारण २ ते ३ मिलिग्रॅम. आमची लेक साडेचार किलोवरून सहा किलोंवर गेली, आणि सिरिंजमधलं औषध मात्र पहिल्या दिवशीच्याच रेघेपर्यंत! ना आमच्या लक्षात आलं, ना आमच्या पहिल्या डॉक्टरांच्या. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला आधी वजनकाट्यावर ठेवलं, मगच बोलायला सुरुवात केली. डोस वाढवल्यावर आठवडाभरात टोमॅटोसारखी लाल गाठ जांभळट पडली, हाताला मऊ लागायला लागली. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनाही हाच बदल दिसला होता, २००८ साली त्यांनी तो जाहीर केला. त्यांनी हे औषध खरं तर बाळाच्या हृदयाच्या त्रासासाठी दिलं होतं.

स्वतःहून मात्र एक थेंबही वाढवू नका. या औषधाने रक्तातली साखर उतरते, नाडी मंदावते. बाळाला पाजल्याशिवाय औषध द्यायचं नाही. उलट्या होत असतील, दूध पीत नसेल, तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा.

डोस बरोबर असूनही फरक नसेल तर विचारा, हा नक्की हिमँजिओमाच आहे ना? गाठ कडक, मुका मार लागल्यासारखी काळी-निळी असेल, अचानक फुगली असेल, तर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तपासायलाच हव्यात. कापोसिफॉर्म हिमँजिओएन्डोथेलिओमा नावाची गाठ अशीच दिसते आणि प्लेटलेट्स खाते. तिला सिरोलिमस किंवा विनक्रिस्टिन हे वेगळं औषध लागतं, कधी सोबत स्टेरॉइडही. शंका असेल तर बायोप्सीत (गाठीचा तुकडा काढून) ग्लट-१ नावाचं प्रथिन तपासतात. खऱ्या हिमँजिओमात ते पॉझिटिव्ह येतं.

अंगावर हिमँजिओमाचे ५ किंवा जास्त डाग असतील तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. यकृतात मोठ्या गाठी निघाल्या तर थायरॉइडही बघावं लागतं, कारण त्या गाठी थायरॉइडचं हार्मोन निकामी करतात.

आणि गाठ जबड्यापर्यंत, हनुवटीपर्यंत पसरलेली असेल आणि श्वास घेताना घरघर येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. श्वासनलिकेतही गाठ असू शकते. रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलात न्या.