होम थिएटर काही वर्षांनी विकलं तर किंमत कितपत येते?

अख्ख्या सेटला एकच भाव धरू नका. सर्वांत आधी भाव पडतो तो एव्ही रिसीव्हरचा, म्हणजे चित्र-आवाजाच्या सगळ्या वायरी ज्यात येतात आणि जो स्पीकर चालवतो त्या डब्याचा. आवाज कितीही छान असो, एचडीएमआय २.१ (चित्र-आवाजाच्या जोडणीची नवी आवृत्ती) नसेल तर नव्या गेमिंग कन्सोलचं फोर-के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा बदलणारं) चित्र त्यातून पुढे जात नाही, आणि गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतं. २०१४ च्या आधीचा असेल तर डॉल्बी अ‍ॅटमॉसही (डोक्यावरूनही आवाज येण्याची सोय) नाही. साधे पॅसिव्ह स्पीकर (आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेले) मात्र किंमत धरून राहतात. त्यांत जुनं होणारं सॉफ्टवेअरच नसतं. फक्त स्पीकरच्या कोनभोवतीची, म्हणजे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची कड बघा. फोमची असेल तर वर्षांनी तिचा भुगा होतो, रबराची बरी टिकते. डीव्हीडी प्लेअरसकट एकत्र मिळणारा ५.१ चा (पाच स्पीकर, एक सबवूफर) डबा? तो भंगारातच. रिसीव्हर आणि स्पीकर वेगवेगळे विका. आणि हो, रिमोट शोधून ठेवा, त्यावाचून घेणारा हमखास कुरकुरतो.