पन्हाळा, पण एसटीनं

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त एसटी वाहकाची उत्तरं

प्रश्न : घरी आम्ही पाचजण. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी आठ. मुलाला चौथीच्या इतिहासात पन्हाळ्याचा वेढा होता, तेव्हापासून गड दाखवा म्हणून मागे लागलाय. चारचाकी भाड्यानं करायची तर महिन्याचा किराणा त्यातच जाईल. मालक यंत्रमागावर कामाला, सुट्टी एकच दिवस. एसटीनं जाऊन त्याच दिवशी परत येता येईल का? आणि बघायचं काय? शेजारपाजाऱ्यांनी सांगितलेली यादी वीस ठिकाणांवर गेली आहे.
— एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : ताई, येतं की. मोठ्या आरामात येतं.

आधी तिकिटाचं बोलू, माझा सगळा जन्म त्यातच गेला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. सासूबाईंचं आधार कार्ड पिशवीत टाका, झेरॉक्स नको. मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या. वाहक गडबडीत असला तर आठवण करा, कारण तपासणीवाला चढला की बोलणी त्याला बसतात. तुम्हाला २०२३ पासून निम्मं तिकीट. बारा वर्षांखालच्या दोन्ही पोरांना निम्मं. म्हणजे पाच माणसांत पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या मालकांचं. जाऊन येऊन तिकिटं, दुपारचं जेवण, चहा, पोरांचं कणीस धरून माझा अंदाज हजार-बाराशेचा.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवर उतरलात की पन्हाळ्याची गाडी तिथंच मिळेल. अंतर वीस-बावीस किलोमीटर, वेळ पाऊण तास ते तास. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, जोतिबा फाटा, मग वाघबीळ आणि वरची चढण. पोरांना मागच्या बाकावर बसवू नका. पाण्याची बाटली घेऊन मागं धावणं आमच्या नशिबी असतं ते त्या बाकामुळंच. गडावर उतरायच्या आधी वाहकाला एवढंच विचारा, ‘संध्याकाळच्या गाड्या कितीला?’ त्यातली शेवटची धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. शेवटच्या गाडीला अख्खा गड असतो.

आता वीस ठिकाणांची ती यादी. घडी घालून पिशवीच्या तळाला टाका. पोराला वेढा बघायचाय, तर वेढाच दाखवा. आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर गडाभोवती येऊन बसला तो मार्च १६६० मध्ये आणि महाराज निसटले जुलैत. चार महिन्यांहून जास्त काळ माणसं वर कोंडलेली. पावसाळा लागला की वेढा ढिला पडेल, असा वरच्यांचा होरा होता. जौहरनं छावणीवर छपरं घातली आणि तो जागचा हलला नाही. राजापूरचे इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले (त्याची वसुली महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापुरात जाऊन केली). पोराला गाडीतच विचारून ठेवा : इतके दिवस वरची माणसं खात काय होती, पीत काय होती, आणि बाहेर पडली कुठून? तीन प्रश्न, तीन ठिकाणं. दिवस तेवढ्यातच भरतो.

खाण्यासाठी अंबरखाना. सकाळी पहिल्यांदा तिथंच जा, ऊन चढायच्या आत. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन दगडी कोठारं. त्यातली गंगा कोठी सगळ्यांत मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावेल एवढी. लोक आत जातात, अंधारात दोन हाका मारून घुमणारा आवाज ऐकतात, फोटो काढतात आणि बाहेर येतात. तसं करू नका. बाहेरच्या बाजूनं छतावर जाणारे दगडी जिने आहेत, ते आधी बघा. एवढा जिना छतावर कशाला, असं पोराला विचारा. मग आत नेऊन वर बघायला सांगा. कोठीत सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणाच्या छताला एक भोक आहे. हमालांनी पोती पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि वरून भोकातून धान्य सोडायचं. भात, नाचणी, वरी. भिंतींची जाडी हातानं मोजू द्या. गड म्हणजे तलवारी आणि घोडे एवढंच पोरांच्या डोक्यात असतं. वेढा पोत्यांवर लढला जातो हे अंबरखान्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माझं मत विचाराल तर सगळ्या पन्हाळ्यात एकच गोष्ट बघायला वेळ असला तर ही बघावी. सासूबाईंनाही इथं जमेल, आजूबाजूला सपाटी आहे.

पाण्यासाठी अंधारबाव. ही गडाच्या पश्चिम अंगाला, तीन दरवाजाजवळ. स्टँडपासून चालत जायचं, वाटेत चहा घ्यायचा. गुडघे फारच कुरकुरले तर रिक्षा विचारा, पण बसायच्या आधी पैसे ठरवून घ्या. बाहेरून बघितलं तर ही विहीर वाटतच नाही, एक बुटकी इमारत दिसते. खाली दोन मजले आहेत. सगळ्यांत तळाला पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर उघडणारी चोरवाट, आणि पहारेकऱ्यांना बसायला भिंतीत कोनाडे. शत्रूनं, नाहीतर फितुरानं पाण्यात विष कालवलं तर गड एका दिवसात पडतो, म्हणून पाण्यावर असा तीन मजली पहारा. सासूबाईंना वरच बसवा. पायऱ्या उंच आहेत आणि तळाला उजेड कमी. तुम्ही दोघांपैकी एकानं पोरांबरोबर उतरायचं, दुसऱ्यानं वर थांबायचं.

तिथंच तीन दरवाजा. आदिलशाही काम, बाहेरचा दरवाजा, मध्ये चौक, मग आतला दरवाजा. कोरीवकामावरून हात फिरवा हवा तर, पण चौकात उभं राहून वर बघा : बाहेरचा दरवाजा फोडून आत आलेला माणूस या चौकात चारी बाजूंनी सापडतो. हे पोरांना सांगावं लागत नाही, ती आपणहून लढाई खेळायला लागतात.

बाहेर पडण्यासाठी राजदिंडी. थोडी आडबाजूला आहे, कुणालाही विचारा, दाखवतील. १६६० च्या त्या पावसाळी रात्री महाराज निवडक माणसांनिशी इथून उतरले आणि विशाळगडाकडे निघाले. शत्रूला चकवायला काढलेली दुसरी पालखी जौहरच्या लोकांच्या हाती लागली, तिच्यात शिवा काशीद होता. पायथ्याच्या नेबापूरचा नाभिक, महाराजांसारखा पोशाख केलेला. त्याची समाधी गडावर आहे. बाजीप्रभूंचा पुतळा वरती येतानाच दिसतो आणि फोटो सगळे तिथं काढतात. शिवा काशीदापाशी गर्दी कमी असते. तुम्ही तिथं मुद्दाम जा.

जेवण घरून बांधून आणू नका, भाकरी तेवढी गडावरच खा. झुणका, भाकरी, खर्डा, मडक्यातलं दही. तुम्हाला घरी रोज भाकरी थापायला लागते, एक दिवस दुसऱ्या कुणीतरी थापलेली खा. बोर्डावर नूडल्स आणि मंचुरियन लिहिलेल्या ठिकाणी पोरं ओढतील. मालकांना पुढं करा.

वेळ उरला तर पूर्वेच्या कड्यावरची सज्जा कोठी. मोगल सरदार दिलेरखानाकडून परत आल्यावर संभाजीराजे पन्हाळ्यावर होते, आणि बापलेकांची भेट याच इमारतीत झाली असं सांगतात. वारा छान असतो, समोर जोतिबाचा डोंगर दिसतो. सासूबाई तिथून हात जोडतील. नाही जमलं तरी बिघडत नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा मित्र. एका दिवसात पन्हाळा, जोतिबा आणि पावनखिंड असं करायचा बेत आहे. बजेट माणशी तीनशे. जमेल ना?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : भावा, पन्हाळा आणि जोतिबा जमेल. पावनखिंड सोड.

सकाळी आधी जोतिबा उरका. गर्दी वाढायच्या आत दर्शन होतं. मग परत खाली फाट्यावर या आणि पन्हाळ्याची एसटी किंवा वडाप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) धरा. रविवार आणि पौर्णिमा टाळा, आणि चैत्र यात्रेच्या आसपास तर हा बेत करूच नका. तेव्हा त्या रस्त्यावर गाडीपेक्षा जोतिबाला नाचवत नेतात ती उंच सासनकाठी पुढं पोहोचते. तीनशे रुपये गडहिंग्लजचं भाडं धरून तंगच आहेत, डबा घेऊन या.

पावनखिंड ही पन्हाळ्यावरून ‘करून यायची’ जागा नाही. मसाई पठारावरून चालत जायचं, पन्नास किलोमीटरच्या पुढं अंतर, पावसात चिखल, ओढे, जळवा. दरवर्षी जुलैत मोठाले जथे निघतात, वाटेत गावात मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी खिंडीत पोहोचतात. त्यांच्याबरोबर जा. ज्यांनी ही वाट एका रात्रीत, खांद्यावर पालखी घेऊन, मागं शत्रू असताना कापली ती माणसं कशी असतील, हे दुसऱ्या दिवशी तुझे पाय तुला सांगतील. गाडीनं जाऊन सेल्फी काढून यायचं असेल तर त्यासाठी माझा सल्ला लागत नाही.

प्रश्न : युनेस्कोच्या यादीत नाव आल्याचं वाचून मोठ्या हौसेनं पन्हाळ्याला गेलो. हॉटेलं, बंगले, शाळा, कचेऱ्या. किल्ला कुठं आहे? निराशा झाली.
— एक वाचक, पुणे

उत्तर : साहेब, किल्ल्यातच उभे होता तुम्ही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात रायगड, राजगडासारखे ओस पडलेले गड आहेत तसा पन्हाळाही आहे, आणि पन्हाळ्यावर माणसं राहतात. आज नाही, कधीपासूनच. शिलाहार राजा दुसरा भोज यानं बाराव्या शतकाच्या अखेरीला गड बांधला, पुढं बहमनी, आदिलशाही. महाराजांनी तो नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफझलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत घेतला. मग गेला, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी परत आणला. ताराराणींनी इथून राज्य चालवलं आणि १७८२ पर्यंत करवीरची राजधानी इथंच होती. कवी मोरोपंत जन्मले ते याच गडावर. अशा जागी नगरपरिषद असणार, शाळा असणार, धुणी वाळत असणार.

गडाचा मुख्य दरवाजा, चार दरवाजा, तुम्हाला दिसला नाही, कारण तो १८४४ च्या उठावात इंग्रजांच्या हातून गेला. आणि वारसा यादीची चर्चा चालली होती तेव्हा गडावरच्या लोकांना धास्ती होती की उद्या आपल्याच घराची वीट हलवायला परवानगी मागावी लागेल. ती धास्ती मला खोटी वाटत नाही. नव्या चारमजली लॉजना आळा बसलाच पाहिजे, पण पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांच्या घरांना लॉजच्या रांगेत बसवू नये.

तुमच्या निराशेचं खरं कारण वेगळं असावं. तुम्ही मोटारीनं गेला असणार. मोटारीला वाहनतळ लागतो, आणि वाहनतळ हॉटेलापाशीच असतो. सात किलोमीटरच्या वर तटबंदी आहे. पुढच्या वेळी गाडी खाली ठेवा, पुसाटी बुरुजाकडं चालत निघा आणि तटाच्या कडेनं एखादा तास काढा. तिथं हॉटेल दिसत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पन्हाळ्याचं धुकं बघण्यासारखं असतं म्हणतात. आम्ही ज्येष्ठ नागरिक मंडळातले बाराजण जुलैत जावं म्हणतो.
— एक सेवानिवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, धुकं बघण्यासारखं असतं हे खरं, पण त्या धुक्यात दुसरं काही बघायला मिळत नाही. अंबरखान्यासमोर उभं राहून अंबरखाना कुठं आहे विचारणारे लोक मी बघितलेत. छत्री गडावरच्या वाऱ्यात उलटते, रेनकोटच हवा. अंधारबावेच्या पायऱ्या शेवाळतात, तुमच्या मंडळानं तिथं उतरू नये.

आणि रस्त्याचा भरवसा नसतो. जुलै २०२१ च्या पावसात गडावर येणारा रस्ताच खचला आणि बरेच दिवस वर गाडी जात नव्हती. पंचगंगेला पूर आला की शिवाजी पुलापलीकडं केर्लीच्या बाजूला पाणी रस्त्यावर येतं, मग तुम्ही वर आणि सांगली खाली. दसरा होऊ द्या. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही या, मधला वार बघून. पासष्ट ते पंचाहत्तरमधल्यांना निम्मं तिकीट, पुढच्यांना मोफत, तेव्हा कोणाचं वय किती याची यादी आधीच करून वाहकाच्या हातात द्या. बाराजणांची आधार कार्डं एकेक करून चष्मा शोधत काढायला लागलात तर गाडी वाघबीळ गाठेपर्यंत तिकिटं संपत नाहीत.