खेड्यातल्या एचआयव्ही असलेल्या पोरांसोबत काम सुरू करतेस तर

ताई, काटोल-उमरेडकडच्या गावांत जाणार ना, मग पोरगं एचआयव्हीची रोजची गोळी काहून बंद करते हे आधी समजून घे, रागावू नको त्याच्यावर. लहानपणापासून घरचे सांगतात ही ताकदीची गोळी आहे, मग तेरा-चौदाव्या वर्षी ते विचारते मी तर धडधाकट आहे, मलाच काहून रोज? अन् मग मोबाईलवर त्याला एकट्यालाच खरं कळते, हे सगळ्यात वाईट. म्हणून आजी, मामा जे कोण सांभाळते त्यांना तयार कर, एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र) समुपदेशकासोबत बसून हळूहळू सांगा, दहा-बारा वर्षांपर्यंत व्हायलाच पाहिजे.

गावात कुणाच्या घरी जाताना आजाराचं नाव काढू नको. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय कुणाला एचआयव्ही आहे की नाही हे दुसऱ्याला सांगता येत नाही, शाळा यावरून प्रवेश नाकारू शकत नाही, हेडमास्तरला हे ठणकावून सांग पण पोराचं नाव न घेता. होस्टेलात डबी वाजते म्हणून पोरी गोळ्या टाळतात, डबीत थोडा कापूस टाकायला सांग.

नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो हॉस्पिटलला यायचं म्हणजे शाळा बुडते अन् घरच्याची मजुरी पण, तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का हे डॉक्टरला विचारच.

लग्नाचं पण विचारतील, लाजू नको, स्पष्ट सांग की रोज औषध घेऊन व्हायरल लोड टेस्टमध्ये (रक्तातला विषाणू मोजायची तपासणी) विषाणू सापडेनासा झाला अन् तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. कुठं अडलीस तर 1097 ही एचआयव्हीची फ्री हेल्पलाईन आहे, पोरांनाही तो नंबर दे.