मालक लेहला, अन् मी इथं कळा सोसते

प्रश्न: मी केज तालुक्यात सासरी राहते, वय २७. मालक फौजेत, लेहला. पाळी आली की चार दिवस उठता येत नाही, शौचालाही कळ येते. दोन सोनोग्राफ्या 'नॉर्मल' आल्या. सासूबाई म्हणतात, लेकरू झालं की थांबेल. ईसीएचएसच्या दवाखान्यातून परत पाठवलं.

उत्तर: ते नियमानंच पाठवलं गं माय. ईसीएचएस माजी सैनिकांसाठी. तुझे मालक अजून सेवेत आहेत. तुझा हक्क मिलिटरी हॉस्पिटलवर, अन् ते छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत आहे. आधी मालकांना विचार, लग्नाची पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या कागदांत लग्नाची नोंद) निघाली का, तुझं डिपेंडंट कार्ड (फौजीच्या घरच्यांचं ओळखपत्र) झालं का? मीही फौजीचीच बायको. आमची ऑर्डर सहा महिने कुणाच्या तरी टेबलावर झोपली होती.

दुखणं एंडोमेट्रिओसिसचं असू शकतं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो. सोनोग्राफी साफ असली तरी तो असू शकतो. माझा पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात, लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहतात त्यात, सापडला. बाळंतपण हा इलाज नव्हे. मला दोन लेकरं, कळा तशाच होत्या.

जाताना वही ने: तारीख, कळ कुठं, गोळ्या किती. नुसतं "लई दुखतं" म्हटलं की पेनकिलर हातात देतात. शौचाला, संबंधाच्या वेळी दुखत असेल तर लाज सोडून तेच आधी सांग. बहुधा हार्मोनच्या गोळ्या देतील. त्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, म्हणून मूल कधी हवं तेही बोल. सासूबाईंना सोबत नेलंस तर बरंच, डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील.