ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर

तुमच्या जुन्या फोक्सवॅगन टी४ व्हॅनचा ब्लोअर (केबिनमध्ये हवा सोडणारा पंखा) फक्त शेवटच्या, म्हणजे सर्वात जास्त स्पीडवर चालत असेल, तर मोटर बदलण्याची घाई कृपया करू नका. त्या स्पीडला वीज रेझिस्टर (कमी स्पीडसाठी वीज कमी करणारा भाग) वगळून थेट मोटरकडे जाते, म्हणजे मोटर शाबूत असून दोष बहुधा रेझिस्टरमध्ये किंवा त्यावरील थर्मल फ्यूजमध्ये (जास्त तापल्यास वीज तोडणारा फ्यूज) आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून रेझिस्टरचा कनेक्टर (तारा जोडणारा प्लग) नीट पाहा. प्लास्टिक तपकिरी पडून वितळले असेल, तर तोही बदलावा. फ्यूजच्या जागी साधी तार कधीही जोडू नका, त्याने आग लागू शकते. रेझिस्टर ब्लोअरच्या झोतानेच थंड राहतो, म्हणून आत साचलेला पालापाचोळा काढा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. तो जड फिरत असेल, तर नवा रेझिस्टरही लवकरच जळेल.