पाइपचा जोड: वाचकांचे प्रश्न

कुंडई : बाहेरून गुळगुळीत असलेल्या पाइपच्या आत उभा उंचवटा लागतो. दुकानदार त्याला सीमलेस म्हणतो. खरं का?

नाही. सीमलेसला जोडच नसतो; तो ईआरडब्ल्यू, म्हणजे विजेने कडा तापवून जोडलेला पाइप आहे. पोलादी पट्टी रोलमधून गोल वळवतात. कडा जुळतात तिथे साधारण २०० ते ४५० किलोहर्ट्झचा प्रवाह फक्त कडांवर एकवटतो, त्या तापतात आणि रोल त्यांना एकमेकींत दाबतात. फिलर, म्हणजे जोडात भरायचा वेगळा धातू, लागत नाही. दाबाने बाहेर आलेला धातू वरून खरवडतात; आतला बऱ्याचदा तसाच राहतो, तोच तुमच्या बोटाला लागतो. पाण्याच्या साध्या लाइनला ईआरडब्ल्यू पुरेसा आहे. मात्र आयएस १२३९ या भारतीय मानकाचा शिक्का आणि रंगपट्टी बघा : पिवळी हलकी, निळी मध्यम, लाल जड.

वास्को : मासळीच्या शेडला खाडीचं पाणी आणणारा पाइप जोडावरच सरळ रेषेत खाल्ला गेला, बाकी अंग ठणठणीत. वेल्डिंग कच्चं होतं का?

कच्चं असेलच असं नाही. झटक्यात तापून थंड झालेल्या जोडाची घडण बाकी पोलादापेक्षा वेगळी होते, आणि पोलादातले मँगनीज सल्फाइडचे कण दाबाने वळून तिथे उघडे पडतात. खाऱ्या पाण्यात ही अरुंद रेषा अॅनोड, म्हणजे गंजणारी बाजू बनते, उरलेला सगळा पाइप कॅथोड, म्हणजे वाचणारी बाजू. अॅनोड लहान आणि कॅथोड मोठा असला की गंज फार वेगाने खोल जातो, म्हणून चर पडते.

वरून इलेक्ट्रोड मारून भागणार नाही, पुढची रेषा तशीच खात राहील. पाइपचा तो अख्खा तुकडा बदला. बदलताना कमी गंधकाचं पोलाद आणि जोडाला ९०० अंशांच्या वर पुन्हा तापवलेला पाइप मागा, तसं प्रमाणपत्रावर लिहून घ्या. जोड वरच्या बाजूला ठेवा, तळाला गाळ बसतो. व्यास लहान असेल तर आमचं स्पष्ट मत : एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा पाइप टाका.

चपटं करण्याच्या चाचणीवर इथे विसंबू नका. जोड दाबाच्या दिशेशी ९० अंशांत ठेवून प्लेटांमधलं अंतर बाहेरच्या व्यासाच्या ७५ टक्क्यांखाली जाईपर्यंत तो उघडता कामा नये. त्यातून पकड कळते, खाऱ्या पाण्यातला टिकाव नाही.

डिचोली : मोठ्या जलवाहिनीला स्पायरल पाइप कमकुवत असतो का?

नाही. स्पायरलमध्ये पट्टी तिरकी गुंडाळतात, त्यामुळे जोडही तिरका फिरतो. आतल्या दाबाने पाइपला परिघाच्या दिशेने बसणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. सरळ जोडावर तो ताण पूर्ण आडवा येतो, तिरक्यावर कमी. उलट बाजू अशी की जोडाची लांबी वाढते, तेवढी तपासणीही वाढते. मोठ्या पाइपांत जोड सरळ असो वा तिरका, सबमर्ज्ड आर्कने, म्हणजे फ्लक्सच्या दाणेदार भुकटीखाली विजेच्या ठिणगीने, आधी आतून, मग बाहेरून वेल्ड करतात. दोन्ही वेल्ड मधे एकमेकांत शिरलेच पाहिजेत, नाहीतर मधली फट तशीच राहते.

वेर्णा : पावसाळ्यात याच वेल्डला छिद्रं का पडतात?

फ्लक्स ओला होतो. उघडं पोतं वापरू नका. अॅग्लोमरेटेड (भुकटी चिकटवून दाणे केलेला) फ्लक्स उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, सहसा ३०० ते ३५० अंशांवर भाजून गरम ओव्हनमध्ये ठेवा. छिद्रं निदान दिसतात. ओलाव्यातल्या हायड्रोजनची तडा मात्र जाड, कणखर पोलादात एक-दोन दिवसांनीही जाते, म्हणून तिथे अल्ट्रासॉनिक तपासणी ४८ तासांनंतर करा.