मीटिंग समजते, मग पबमध्ये काय होतं?

परदेशात नोकरीला गेलेली मराठी माणसं ऑनलाइन समुपदेशनाला येतात, तेव्हा एक तक्रार हमखास निघते. ऑफिसातलं इंग्रजी समजतं, पण गर्दीत बसलं की सगळं डोक्यावरून जातं. बहुतेकांनी त्याचा अर्थही परस्पर लावून टाकलेला असतो: कान बिघडले, नाहीतर इंग्रजी कच्चं.

लीड्समधल्या एकीचं सांगते (ओळख बदलली आहे). शाळा मराठी, तीही 2000 च्या आधीची, म्हणजे इंग्रजी पाचवीपासून. कानांची तपासणी नॉर्मल. शुक्रवारी टीम पबमध्ये जायची आणि ही डोकं दुखतंय सांगून घरी.

"सगळे हसले की मी हसते. मूर्ख दिसते मी, मॅडम."

"असं कोणी म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं?"

इथे बरेच दिवस अडलो. माझी भिस्त विवेकनिष्ठ पद्धतीवर. प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनाशी काय बोलतो, ते जास्त छळतं. पण 'तू हुशार आहेस' असं नुसतं सांगून भागत नाही, पुरावा तिचा तिला सापडावा लागतो. एकदा विचारलं,

"लग्नात बँड वाजतोय आणि मावशी काहीतरी सांगतेय. शब्द किती ऐकू येतात?"

"निम्मे."

"मग कळतं कसं?"

"मावशी काय बोलणार ते ठाऊकच असतं! 'जेवलीस का', नाहीतर 'ती बघ कोण आलीय'..." बोलता बोलता ती थांबली. "म्हणजे मराठीतही मी सगळं ऐकत नाहीच. ओळखते."

हा प्रश्न सुचला याचं मला अजून बरं वाटतं. पुढचं काम सोपं होतं.

जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नायस्ली या संशोधकांनी 1955 मध्ये अमेरिकन श्रोत्यांना गोंगाटात व्यंजनं ऐकवली. प, ट, क यांची सरमिसळ झाली, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांचेही कान चुकले. 2004 मध्ये ॲन कटलर आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी आवाज ऐकवून डच आणि अमेरिकन श्रोत्यांची तुलना केली. सुटे आवाज ओळखण्यात डच मागे होते, पण गोंगाट वाढवला म्हणून अंतर वाढलं नाही. मग पबमध्ये आपण इतके मागे का पडतो? मला वाटतं, ज्यांची मातृभाषा इंग्रजी ते हुकलेला आवाज वाक्यावरून चटकन भरून काढतात. आपल्याला त्याला क्षणभर जास्त लागतो, तेवढ्यात पुढचा बोलायला लागलेला असतो. त्यात व्ही आणि डब्ल्यू आपण लहानपणापासून एकाच 'व'मध्ये कोंबलेले.

तिला मी म्हटलं, घरी पळू नकोस, जागा बदल. स्पीकरपासून लांब, बोलणाऱ्याचं तोंड दिसेल अशी बस. 'प'ला ओठ मिटतात, 'ट'ला मिटत नाहीत. गोंगाट नेमका जो फरक खातो तो डोळ्यांना दिसतो. आणि नुसतं "सॉरी?" म्हणू नकोस, तेच वाक्य त्याच वेगात परत येतं. "गुरुवारी काय आहे म्हणालास?" असं विचार, म्हणजे हुकलेला तुकडाच हाती येतो.

तिने केलं. पहिल्याच शुक्रवारी लक्षात आलं की शेजारचा इंग्रज सहकारीही सारखा "काय, काय?" करतोय. आधी तिने तिकडे पाहिलंच नव्हतं.

मात्र घरी, शांततेत, मराठीसुद्धा नीट ऐकू येत नसेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे नंतर.